दूरची शाळा, जवळचे शेत



गेल्या हिवाळ्यात आपल्या शाळेत घडलेला एक लहानसा प्रसंग सांगून मी या लेखास आरंभ करतो. त्या दिवशी नववी-दहावीचे चाळीस विद्यार्थी व आम्ही दोन शिक्षक मोठ्या खोलीत पडद्यासमोर बसलो होतो. शेकडो मैलांवर असलेले एक कीटकशास्त्रज्ञ इंटरनेटच्या द्वारे आमच्याशी, आणि आमच्यासारख्या अनेक शाळांतील मुलांशी, एकाच वेळी बोलत होते. विषय होता मक्यावरील लष्करी अळी. व्याख्यान उत्तम झाले. चित्रे सुस्पष्ट होती. शेवटी प्रत्येकास आपापल्या नावाचे रंगीत प्रमाणपत्र मिळाले, आणि त्या आनंदात आम्ही घरोघर गेलो.

त्यानंतर तीन आठवड्यांनी नववीतील एक विद्यार्थी डब्यात दोन अळ्या घेऊन माझ्याकडे आला. रविवारी तो निजामाबादजवळ आपल्या मामांच्या गावी गेला होता. मामांच्या मक्याची पाने फाटल्यासारखी झाली होती आणि पोंग्यांत लाकडाच्या भुशासारखी ओलसर विष्ठा साचली होती. "सर, ही कोणती अळी?" त्याने विचारले. मी अळी पाहिली, माझ्या सहकाऱ्यांनी पाहिली. परंतु आम्हांपैकी एकासही खात्रीने उत्तर देता येईना. अखेरीस व्याख्यानाच्या वेळी उतरून घेतलेले टिपण शोधून काढले, प्रयोगशाळेतील भिंग आणले, आणि त्या मुलानेच अळीच्या शेपटाकडील भागावरचे चार काळे ठिपके मोजले. मग मान वर करून तो म्हणाला, "सर, हे तर आपण पाहिले होते ना?"

या प्रश्नास माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्याच सायंकाळी मामांना फोन केला. दुसऱ्या दिवशी कृषी खात्याचे अधिकारी शेतावर येऊन गेले. परंतु तोवर अळ्या मोठ्या होऊन पोंग्यात खोल शिरल्या होत्या, आणि अर्ध्या एकराच्या पिकाची आशा मामांना सोडावी लागली. मागाहून कळले ते अधिक टोचणारे होते. व्याख्यान झाल्यानंतरच्या पहिल्याच रविवारीही हा मुलगा त्याच शेतात गेला होता. पानांवर पांढुरके चट्टे त्या वेळीच पडलेले होते. त्याने ते पाहिले. ओळखले मात्र नाहीत.

पाहणे आणि ओळखणे यांच्यामधील हे अंतर हाच प्रस्तुत लेखाचा विषय होय. आज कृषिविज्ञान आणि पर्यावरणविज्ञान या विषयांवरील व्याख्याने, कार्यशाळा, प्रश्नोत्तरे व निरीक्षणाचे उपक्रम इंटरनेटवरून सतत होत असतात. त्यांना आपण वेबिनार म्हणतो, ऑनलाइन वर्ग म्हणतो. २०२० साली करोनाच्या साथीने शाळा-महाविद्यालयांची दारे बंद झाली, तेव्हापासून तर ती आपल्या घरातीलच गोष्ट झाली आहे. शिकवणारा दूर आहे, आणि ज्याविषयी शिकावयाचे ते पीक, ते पाखरू, ते झाड मात्र आपल्या जवळ आहे. अशा वेळी शिकणे पुरे केव्हा होते? या प्रश्नाचा विचार थोर माणसांनी फार पूर्वीपासून केलेला आहे. त्यांनी काय केले आणि त्यांना काय आढळले, हे आपण क्रमाने पाहू.

कल्पना नवी नाही

दूर बसलेल्या शेतकऱ्यास घरबसल्या शिकवावे, ही कल्पना इंटरनेटच्या पुष्कळ आधीची आहे. कॅनडा हा देश विस्ताराने प्रचंड. तेथील शेतवाड्या एकमेकींपासून मैलोगणती दूर. १९४१ साली तेथील प्रौढशिक्षण संस्था, शेतकऱ्यांचा महासंघ आणि राष्ट्रीय नभोवाणी यांनी मिळून शेतकऱ्यांसाठी एक साप्ताहिक कार्यक्रम सुरू केला. त्याचे वैशिष्ट्य असे की, तो एकट्याने ऐकावयाचा नव्हता. शेजारपाजारची कुटुंबे एका घरी जमत. आधी पाठविलेले छापील टिपण वाचीत, मग नभोवाणीवरील भाषण ऐकीत, नंतर त्यावर चर्चा करीत, आणि आपले मत लिहून कळवीत. त्या मतांचा सारांश पुढील कार्यक्रमात सांगितला जाई. "वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा" हे त्यांचे ब्रीद होते. ही मंडळे १९६५ पर्यंत चालली.

या ब्रीदातील चार क्रियापदांकडे नीट लक्ष द्या. त्यांपैकी 'ऐका' ही एकच क्रिया यंत्राच्या साहाय्याने होते. उरलेल्या तीन माणसांनीच करावयाच्या आहेत.

पुण्याचा प्रयोग

आपणां मराठी भाषकांना अभिमान वाटावा अशी गोष्ट ही की, कॅनडाच्या या कल्पनेची शास्त्रशुद्ध परीक्षा मराठी मुलखात झाली. १९५६ सालच्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पुणे आकाशवाणी केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. तत्कालीन मुंबई राज्यातील पाच मराठी भाषक जिल्ह्यांतील सुमारे १५० गावे त्यासाठी निवडली. प्रत्येक गावी सुमारे वीस जणांचे एक श्रोतृमंडळ स्थापिले. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, असे एकूण २० कार्यक्रम झाले. दिवसभराची कामे आटोपून मंडळी रेडिओभोवती जमत, कार्यक्रम ऐकत, आणि तो संपताच चर्चा सुरू होई. चर्चेतून निघालेले प्रश्न लिहून पुण्यास पाठवीत, आणि पुण्याहून त्यांची उत्तरे येत.

या प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते, आणि त्या कामाची धुरा पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञांनी वाहिली. त्यांनी तीन प्रकारच्या गावांची तुलना केली. पहिल्या प्रकारच्या गावांत रेडिओ होता आणि मंडळही होते. दुसऱ्या प्रकारच्या गावांत रेडिओ होता, पण मंडळ नव्हते. तिसऱ्या प्रकारच्या गावांत दोन्ही नव्हते. प्रयोगाच्या आरंभी आणि अखेरीस लोकांना तेच प्रश्न विचारले. निष्कर्ष असा निघाला की, मंडळे असलेल्या गावांत लोकांच्या ज्ञानात लक्षणीय भर पडली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत मात्र फारशी भर पडली नाही. जगदीशचंद्र माथुर आणि न्यूराथ यांनी लिहिलेला या प्रयोगाचा वृत्तान्त १९५९ साली युनेस्कोने प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी अशा मंडळांची योजना देशभर लागू झाली.

मित्रहो, या निष्कर्षाचा अर्थ किती खोल आहे पाहा. तीच भाषा, तेच भाषण, तोच रेडिओ. तरीही एका गावी ज्ञान रुजले व दुसऱ्या गावी वाऱ्यावर गेले. फरक यंत्रात नव्हता. ऐकून झाल्यावर लोक काय करीत, यात होता. आमच्या शाळेच्या त्या मोठ्या खोलीत त्या दिवशी पडदा होता, व्याख्यान होते. परंतु मंडळ नव्हते. व्याख्यान संपले आणि आम्ही पांगलो.

आकाशातून धडे

रेडिओनंतर चित्रवाणी आली. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे एक वर्ष भारताने उपग्रहाच्या साहाय्याने खेड्यांना शिकविण्याचा प्रयोग केला. 'साइट' या नावाने तो ओळखला जातो. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह त्यासाठी वर्षभर उपलब्ध झाला होता. राजस्थान, बिहार, ओरिसा, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शन संच बसविले गेले. संचाजवळ सुमारे तीन मीटर व्यासाची, कोंबड्यांच्या खुराड्यास लावतात तसल्या जाळीची छत्री उभारलेली असे, आणि ती थेट उपग्रहाकडून संदेश घेई. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन आणि शालेय शिक्षण यांवरील कार्यक्रम हिंदी, तेलुगू, कन्नड व ओडिया भाषांतून दाखविले जात.

चित्राचे बळ शब्दाहून मोठे असते. रोपाची लावणी कशी करावी हे दहा वाक्यांत सांगून कळत नाही, ते एका दृश्याने कळते. परंतु या व्यवस्थेस एक मर्यादा होती. बोलणे एकीकडूनच होते. छत्रीवर संदेश उतरत असे. शेतकऱ्याचा प्रश्न तिच्यावरून वर जात नसे.

प्रश्नाला परतीची वाट मिळाली

ही परतीची वाट इंटरनेटने मोकळी केली. तिचे काही नमुने आपल्या देशातच घडले आहेत.

डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांच्या चेन्नई येथील संशोधन संस्थेने १९९८ साली पुदुच्चेरी भागातील खेड्यांत माहितीकेंद्रे उभारण्यास सुरुवात केली. वीरमपट्टिणम हे तेथील कोळ्यांचे गाव. त्या गावच्या केंद्रात समुद्रातील लाटांच्या उंचीचा अंदाज अमेरिकन नौदलाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेत, तमिळ भाषेत आणीत, आणि ध्वनिक्षेपकावरून साऱ्या किनाऱ्यावर ऐकवीत. सातासमुद्रापलीकडची माहिती होडी लोटण्यापूर्वी नाखव्याच्या कानी पडे. येथे संगणक एक आणि ऐकणारे शेकडो, अशी स्थिती होती. तरीही काम झाले, कारण कोणी तरी ती माहिती लोकांच्या भाषेत, लोकांच्या वेळी, लोकांच्या जागी नेऊन पोहोचविली.

२००३ साली मुंबईच्या आयआयटीने 'आक्वा' या नावाची प्रश्नोत्तरांची व्यवस्था सुरू केली. शेतकऱ्याने मराठीत किंवा हिंदीत प्रश्न विचारावा, आणि बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांनी उत्तर द्यावे, अशी तिची रीत होती. एकाने विचारलेला प्रश्न व त्याचे उत्तर सर्वांना वाचावयास मिळत असे. त्यामुळे एका शेतकऱ्याची शंका दुसऱ्याचा धडा होई.

आपल्या हैदराबाद शहरातील आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेने २००४ साली आणखी वेगळा विचार केला. शेतकऱ्याने प्रश्न विचारावा असे आपण म्हणतो. परंतु पिकात काही बिघडले आहे हे त्याच्या ध्यानातच आले नसेल तर तो विचारणार काय? या विचारातून 'ई-सागु' ही योजना निघाली. तेलुगूत सागु म्हणजे शेतीची मशागत. गावातीलच एक प्रशिक्षित माणूस ठराविक दिवसांनी शेतात जाऊन पिकाची छायाचित्रे काढी. ती हैदराबादेतील तज्ज्ञांकडे जात. आणि त्यांचा सल्ला त्या त्या शेतकऱ्याच्या हाती पडे. वारंगळ भागातील कपाशीच्या सुमारे हजार शेतांपासून या कामाचा प्रारंभ झाला. आमच्या विद्यार्थ्याच्या मामांची अडचण नेमकी हीच होती. त्यांना प्रश्न पडला तो उशिरा.

चौथा नमुना बंगळूरचा. तेथील मायक्रोसॉफ्टच्या संशोधन केंद्रात २००६ साली 'डिजिटल ग्रीन' या उपक्रमाचा जन्म झाला. त्याच्या चालकांनी मोठ्या शास्त्रज्ञांची भाषणे दाखविली नाहीत. गावातील शेतकऱ्यासच शेतात उभे करून, त्याने केलेली सुधारणा त्याच्याच तोंडून वदवून तिचे चलच्चित्र घेतले, आणि ते शेजारच्या वाडीत दाखविले. दाखविणारा माणूस मध्येच चित्र थांबवी आणि विचारी, "हे का केले असावे? तुमच्यापैकी कोणी करून पाहिले आहे काय?" कर्नाटकातील खेड्यांत घेतलेल्या परीक्षेत असे दिसून आले की, नेहमीच्या पद्धतीच्या मानाने या पद्धतीने सुधारणा स्वीकारणाऱ्यांचे प्रमाण सुमारे सातपट झाले. पुण्यास १९५६ साली जे आढळले होते, तेच पन्नास वर्षांनी बंगळुरात नव्या साधनाने पुन्हा सिद्ध झाले. मध्येच चित्र थांबविणारा माणूस हाच त्या पद्धतीचा प्राण होता.

एका अळीचा पाठ

आता आपण त्या अळीकडे परत येऊ. तिचे उदाहरण मी मुद्दाम सविस्तर घेतो, कारण दूरच्या व्याख्यानाचे रूपांतर जवळच्या ज्ञानात कसे करावे हे त्यावरून स्पष्ट होईल.

ही लष्करी अळी मूळची अमेरिका खंडातील. शास्त्रात तिला स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा म्हणतात. २०१६ साली ती आफ्रिकेत आढळली, आणि मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्यात मक्यावर भारतात प्रथम दिसली. तेथून अल्पकाळात ती महाराष्ट्र, तेलंगण व इतर राज्यांत पसरली. तिचा पतंग रात्री उडतो आणि वाऱ्याच्या साहाय्याने एका रात्रीत सुमारे १०० किलोमीटर जाऊ शकतो. मादी पानावर शंभर-दोनशे अंड्यांचा पुंजका घालते व तो केसांच्या लोकरीने झाकते. असे अनेक पुंजके ती घालते.

अंड्यांतून निघालेली इवलीशी अळी पानातील हिरवा भाग खरवडून खाते. वरचा पातळ पापुद्रा तेवढा राहतो. त्यामुळे पानावर कागदासारखे पांढुरके, आरपार दिसणारे चट्टे पडतात. मग ती पोंग्यात शिरते. तेथे खाल्लेले पान उलगडून बाहेर आले की त्यावर ओळीने भोके दिसतात. पुढे तिची भूक फार वाढते. आपल्या आयुष्यात ती जेवढे खाते त्यातील बहुतेक भाग शेवटच्या अवस्थांत खाते. म्हणून चट्टे दिसतात ते दिवस शेतकऱ्याच्या हातचे. भुसा दिसतो ते दिवस अळीचे, असे म्हणावयास हरकत नाही.

मक्यावर इतरही अळ्या असतात. खोडकिडा असतो, देशी लष्करी अळी असते, घाटेअळी असते. मग ही नेमकी ओळखावी कशी? दोन खुणा लक्षात ठेवाव्यात. वाढलेल्या अळीच्या डोक्यावर उलट्या लिहिलेल्या इंग्रजी वाय अक्षराची फिकट खूण असते. आणि शेपटाकडून दुसऱ्या वलयावर चार ठळक काळे ठिपके चौकोनात मांडलेले असतात. एवढे वाचून तुम्हांस वाटेल की, आता आपणांस ही अळी ओळखता येईल. आम्हांसही तसेच वाटले होते! खरे ओळखणे तेव्हाच येते, जेव्हा हातात भिंग घेऊन पाच अळ्या पाहाव्यात, तीन वेळा चुकावे, आणि चौथ्या वेळी ठिपके आपले आपल्याला सापडावेत.

शेत पाहण्याचीही रीत आहे. बांधावरूनच नजर टाकून चालत नाही. शेतात इंग्रजी डब्ल्यू अक्षराच्या आकाराने चालत जावे. पाच ठिकाणी थांबावे. प्रत्येक ठिकाणी दहा-दहा रोपांचे पोंगे उघडून पाहावेत. किती रोपांवर ताजी खूण आहे हे वहीत लिहावे. अंड्यांचे पुंजके दिसल्यास पान तोडून ते चिरडावेत. पतंग आले आहेत काय हे कळण्यासाठी कामगंध सापळे लावतात. आरंभीच्या अवस्थेत निंबोळी अर्काचा उपयोग होतो. अळीची अंडी नासविणारे सूक्ष्म मित्रकीटक आहेत, अळीस रोग आणणारी मित्रबुरशीही आहे. विषारी औषध केव्हा, कोणते व किती फवारावे, हे मात्र कृषी अधिकाऱ्यांस विचारल्यावाचून कोणी ठरवू नये. औषधाने मित्रकीटकही मरतात, आणि फवारणाऱ्याच्या प्रकृतीसही धोका असतो.

यांतील प्रत्येक गोष्ट त्या व्याख्यानात सांगितलेली होती. म्हणून दोष व्याख्यात्यांचा नव्हता. आम्ही ऐकले, परंतु दुसऱ्या दिवशी एकही पोंगा उघडून पाहिला नाही, हा आमचा दोष होता.

विद्यार्थी हाच निरीक्षक

येथवर शेतीविषयी लिहिले. पर्यावरणविज्ञानात तर दूरच्या शिक्षणाने याहूनही पुढची पायरी गाठली आहे. तेथे शिकणाऱ्यानेच शास्त्रास काही द्यावयाचे असते.

१९९८ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची पक्षिशास्त्र प्रयोगशाळा व ऑडुबन संस्था यांनी फेब्रुवारीतील चार दिवस परसातील पक्षी मोजण्याचा उपक्रम सुरू केला. २०१३ पासून तो जगभर होऊ लागला, आणि भारतीय पक्षिप्रेमी त्यात उत्साहाने भाग घेतात. नियम साधा आहे. किमान पंधरा मिनिटे एका ठिकाणी पाहावे, ओळखलेल्या प्रत्येक जातीचे किती पक्षी दिसले ते लिहावे, आणि 'ई-बर्ड' या संकेतस्थळावर यादी नोंदवावी. पक्षी ओळखावे कसे, यादी करावी कशी, हे शिकविणारी व्याख्याने इंटरनेटवर होतात. परंतु परीक्षा होते ती अंगणात. बुलबुल, साळुंकी, खंड्या, भारद्वाज, कोतवाल ही आपल्या ओळखीची मंडळी. त्यांची नोंद वर्षानुवर्षे होत गेली, म्हणजे कोणता पक्षी वाढतो आहे व कोणता ओसरतो आहे, हे शास्त्रज्ञांस कळू लागते.

वृक्षांसाठीही असाच एक भारतीय उपक्रम आहे. त्याचे नाव 'सीझनवॉच'. केरळातील शाळांनी त्यात फार मोठा वाटा उचलला आहे. एक झाड निवडावे. दर आठवड्यास त्यास भेट द्यावी. कोवळी पालवी, कळ्या, फुले, कच्ची व पिकलेली फळे यांची नोंद करावी. आपल्या शाळेजवळचा बहावा नेमका कोणत्या आठवड्यात फुलतो? आंब्यास मोहोर केव्हा येतो? यांची उत्तरे पुस्तकात नाहीत. ऋतुमान बदलत आहे असे आपण वारंवार ऐकतो. त्याचा पुरावा झाडांजवळ आहे, आणि तो लिहून घेण्याचे काम तुमच्यासारखी मुले करू शकतात.

उणिवा आणि उपाय

दूरच्या शाळेत उणिवाही आहेत, त्या झाकून ठेवणे बरे नव्हे. पहिली उणीव भाषेची. शेतीशास्त्रावरील उत्तम सत्रे बहुधा इंग्रजीत होतात, आणि ज्याच्या पिकास रोग पडला आहे तो शेतकरी त्यांच्या बाहेरच राहतो. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले. त्याने शेतीचे अभ्यासक्रम मराठीतून घरोघर पोहोचविले, ही मोठीच सेवा होय. आपण मराठी बोलणारे तेलंगणात राहतो. आपल्या मुलांना मराठी, तेलुगू, हिंदी व इंग्रजी या चारही भाषा कमीअधिक येतात. मग इंग्रजीत ऐकलेले मामांस मराठीत आणि त्यांच्या शेजाऱ्यास तेलुगूत सांगण्याचे काम आपल्याहून अधिक चांगले कोण करू शकेल?

दुसरी उणीव साधनांची. घरात मोबाइल एक, आणि तो बहुधा वडिलांच्या खिशात. शेतात खुरपणी, वेचणी करणारी आई मात्र सत्रास मुकते. ज्या डोळ्यांसमोर रोपटे रोज असते, त्यांच्यापर्यंतच धडा जात नाही. तिसरी उणीव प्रमाणपत्राची. हजेरीचा कागद हाती पडला की शिकणे संपले असे मन मानू लागते.

या तिन्हींवर उपाय आपल्या हाती आहे, आणि तो पुण्याच्या श्रोतृमंडळांनीच दाखवून दिला आहे. आपल्या शाळेत यापुढे आम्ही येणेप्रमाणे करण्याचे ठरविले आहे.

१. सत्रापूर्वी विषयाचे एक पानाचे मराठी टिपण सर्वांनी वाचावे, आणि प्रत्येकाने एक तरी प्रश्न लिहून आणावा.

२. सत्र एकट्याने न पाहता पाच-सहा जणांच्या गटाने पाहावे. घरी पाहिल्यास आई व आजी यांना बरोबर बसवावे.

३. सत्र संपताच पडदा बंद करून निदान वीस मिनिटे चर्चा करावी. न समजलेले व न पटलेले प्रश्न व्याख्यात्यांकडे लिहून पाठवावेत.

४. आठ दिवसांच्या आत ती गोष्ट प्रत्यक्ष पाहावी: शेतात, बागेत, नाही तर शाळेमागील मोकळ्या जागेत. पाहिलेले तारीख घालून वहीत लिहावे.

५. जे शिकलो ते ज्यास त्याची गरज आहे अशा एका तरी माणसास त्याच्या भाषेत सांगावे.

प्रमाणपत्र यापुढे वहीत पाचवी नोंद झाल्यावरच हाती पडेल.

आपले हैदराबाद या बाबतीत भाग्यवान आहे. १९७२ साली स्थापन झालेली इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था पटांचेरू येथे कोरडवाहू पिकांवर संशोधन करते. राजेंद्रनगर येथे कृषिसंशोधकांना शिकविणारी 'नार्म' आहे, आणि कृषिविस्तार करणाऱ्यांना शिकविणारी 'मॅनेज' ही संस्था आहे. एवढे ज्ञान आपल्या शेजारी नांदत असता, मामांच्या शेतापर्यंत ते तीन आठवडे पोहोचू नये, ही खंत केवळ एका शाळेची नव्हे.

त्या विद्यार्थ्याविषयी शेवटचे दोन शब्द. या पावसाळ्यात मामांनी पुन्हा मका पेरला. दर रविवारी हा मुलगा जाऊ शकत नाही. म्हणून मामी एक दिवसाआड शेतात फिरते, दहा पोंगे उघडते, आणि शंका आल्यास पानाचे छायाचित्र काढून त्याला पाठविते. तो ते भिंगाखाली नव्हे, तर मोठे करून पाहतो आणि उत्तर देतो. एकदा त्याने चट्टे पाहून "हीच ती" असे कळविले. मामीचे उत्तर आले, "बाळा, मी ठिपके मोजले. ही ती नव्हे."

आणि मामीचे बरोबर होते. दूरची शाळा जवळच्या शेतात पोहोचली, ती अशी.